जवसाचा धागा

इंग्रजी येत नाही असं सांगणारी माणसंही दिवसातून कितीदा तरी 'लाइन' म्हणतात. पहाटे पेपर टाकणारा पोरगा सांगतो, 'आज माझी लाइन उशिरा आटपली.' नळाला पाणी आलं नाही की शेजारच्या काकू गॅलरीतूनच जाहीर करतात, 'पाइपलाइन फुटली असणार.' आठच्या सुमारास कुणीतरी निरोप देतं, 'हार्बर लाइन बंद आहे, आज बसनं जा.' दुपारी गावाकडून फोन येतो, 'सकाळधरनं लाइन नाही, मोटार बंद आहे.' संध्याकाळी कट्ट्यावर एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसत विचारतो, 'लाइन देतेय का रे ती?' आणि रात्री पानावर बसल्यावर बाप मुलाकडे न बघता म्हणतो, 'मग, कुठल्या लाइनला जायचं ठरवलंय?' पेपर, पाणी, गाडी, वीज, प्रेम, पोटापाण्याचा धंदा. सगळ्यांना एकच शब्द, आणि यातली नेमकी कुठली लाइन असं कुणीच कुणाला विचारत नाही.

थोड्या शब्दांत पुष्कळ काम उरकायचं हा इंग्रजीचा जुनाच स्वभाव आहे. तिचे लांबलचक, भारदस्त शब्द एकेका अर्थाचे धनी असतात; खरा भार वाहतात ते तीन-चार अक्षरांचे किरकोळ शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या एवढ्याशा शब्दाचे ४३० अर्थ दिले होते आणि ते समजावून सांगायला साठ हजारांच्या घरात शब्द लागले होते. पुढे नवी आवृत्ती तयार होऊ लागली तेव्हा 'रन' त्याच्या पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारानं त्या एका शब्दापायी नऊ महिने घालवले. पण 'सेट' आणि 'रन' आपल्याकडे आले ते पाहुण्यासारखे. टीव्हीचा सेट, कपबशांचा सेट, क्रिकेटमधली रन. त्यांची मजल तेवढीच. 'लाइन' मात्र राहायला आली. तिला आपण स्त्रीलिंग दिलं, अनेकवचन 'लाइनी' केलं, 'लाइनीत' आणि 'लाइनीला' असे प्रत्यय लावले. इंग्रजीत तिला लिंग नव्हतंच. आपल्या रेघ, रेषा, रांग, ओळ, दोरी, तार या सगळ्या स्त्रीलिंगी. त्यांच्यात ती येऊन बसली आणि कुणाला वेगळी वाटली नाही.

ती मुळात आली कुठून याचा माग काढला तर तो थेट शेतात जातो. नागपूर-चंद्रपूरकडे रब्बीत जवस पेरतात. थंडीत ते फुलतं तेव्हा गुडघ्याएवढ्या रोपांवर निळसर फुलांचा हलका थर दिसतो. फुलं सकाळी उमलतात आणि ऊन तापेपर्यंत पाकळ्या गळून पडतात, त्यामुळे दुपारी शेतावर जाणाऱ्याला त्या निळाईचा पत्ताही नसतो. आपल्याला जवस ठाऊक असतं ते तेलामुळे आणि चटणीमुळे: खमंग भाजलेलं बी, लसूण, लाल तिखट, मीठ, आणि भाकरीवर वरून तेलाची धार. या रोपाचं शास्त्रीय नाव 'लिनम युसिटाटिसिमम'. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी'. आपल्याकडचं जवस ठेंगणं, फांद्या फुटणारं, बियांसाठीचं. युरोपात त्याचंच उंच, सरळसोट वाण धाग्यासाठी लावत आले. खोडं पाण्यात कुजवायची, झोडपायची, विंचरायची. हाती येतो तो रेशमासारखा तुकतुकीत धागा. त्याचं कापड ते लिनन. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस, आणि 'लिनिआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. या 'लिनिआ'चीच पुढे 'लाइन' झाली.

म्हणजे लाइन आधी डोळ्यांना दिसणारी नव्हती, हाताला लागणारी होती. कुणीतरी दोन टोकांना दोन माणसं उभी करून दोरी ताणली. ती सरळ राहिली म्हणून तिच्या कडेनं रेघ ओढता आली. रेघेवर माणसं उभी राहिली, त्यांची रांग झाली. रेघेवर अक्षरं आली, त्यांची ओळ झाली. तिच्यावरून कुळाच्या पिढ्या उतरल्या, जहाजांचे मार्ग ठरले, देशांच्या हद्दी आखल्या गेल्या. कोटाच्या आत शिवतात त्या अस्तराला 'लायनिंग' म्हणतात, कारण ते अस्तर एके काळी लिननचं असे.

हे वाचलं तेव्हा मला लगेच आपलं सूत आठवलं. सूत हा कापसाचा धागा, आणि त्यानं आपल्याकडे नेमका हाच प्रवास केला आहे. सूत ताणलं की सरळ राहतं, म्हणून वात्रट पोराला 'सुतासारखा सरळ' करतात. दोन माणसांचं पटलं की त्यांचं 'सूत जुळतं'. पटणं प्रेमाचं असो की भागीदारीचं, सूत तेच. थोडक्या शब्दांत बांधलेला नियम म्हणजे सूत्र. कारभार हाती घेणारा सूत्रं हाती घेतो, आणि वर्तमानपत्राला बातमी कुणी सांगितली ते सांगायचं नसलं की ती 'विश्वसनीय सूत्रांनी' सांगितलेली असते. नाटकाच्या सुरुवातीला येतो तो सूत्रधार, आणि लाकडावर दोरी ताणून रेघ मारणारा सुतारही त्याच घराण्यातला. यज्ञवेदीची मापं सांगणारी शुल्बसूत्रं तर नावातच दोनदा दोरी बाळगून आहेत. शुल्ब म्हणजेही दोरीच. आणखी एक गंमत आहे. सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, 'फळी दोन सूत कमी घे' असं तो सहज सांगतो. जुन्या इंग्रजी मापात इंचाचा बारावा भाग म्हणजे एक लाइन. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन कारागिरांनी इंचाच्या तुकड्यांना धाग्याचंच नाव दिलं.

वऱ्हाडात आणि नागपूरकडे कापूस आणि जवस एकाच शिवारात पिकतात. पण शब्द म्हणून जवस आपल्याकडे परतलं ते समुद्रावरून, लोखंडाच्या रूपात. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि चौतीस किलोमीटरचा रस्ता. लोखंडाच्या पट्ट्यांना मराठी माणसानं 'रूळ' म्हटलं, सरकारनं 'लोहमार्ग' म्हटलं, पण गाडी जिकडून जाते त्या अख्ख्या मुलखाला नाव हवं होतं. ते काम लाइनीनं केलं. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, ती हार्बर लाइनीवरच. मुंबईत माणसाचा पत्ता विचारायच्या आधी लाइन विचारतात. 'तुम्ही सेंट्रलचे की वेस्टर्नचे?' या प्रश्नात रूळ कुठेच नसतात. त्यात गर्दीची जात असते, दादरचा पूल असतो, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं त्याची माहिती असते, आणि स्थळं बघणाऱ्यांच्या घरी तर 'मुलीला रोज दादरला गाडी बदलावी लागेल' ही काळजीही असते. कर्जत लाइन, कसारा लाइन, विरार लाइन. माणसं लाइनीवर राहतात, लाइनीवर म्हातारी होतात.

रेल्वेच्या आधीच फौजेनं एक लाइन आणली होती. शिपायांच्या बराकी एका ओळीत बांधत, म्हणून ती वस्ती म्हणजे 'लाइन्स'. गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांची बंगलेवस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपूरची अजून त्याच नावानं, त्याच झाडांखाली आहे. मुंबईतल्या मरीन लाइन्सचं नाव किनाऱ्याच्या रेषेवरून पडलं असं अनेकांना वाटतं, पण तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या, त्या मरीन बटालियन लाइन्स. बटालियन गेली, बराकी गेल्या, नाव स्टेशनच्या पाटीवर राहिलं. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पोलीस लाइन असते. एकाला एक चिकटलेल्या खोल्या, दारांवर काळ्या रंगात घातलेले आकडे, पुढच्या अंगणात वाळत टाकलेली खाकी पँट. तिथली मुलं शाळेत आपलं गाव सांगत नाहीत, 'लाइनीतला' एवढंच सांगतात. ते पुरतं.

मग तारा आल्या. तारेच्या लाइनीनं गावोगाव मृत्यूच्या बातम्या पोचवल्या. ती तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. टेलिफोनची लाइन माझ्या पिढीनं मन लावून ऐकली आहे. ट्रंक कॉल नोंदवायचा: साधा, अर्जंट की लाइटनिंग हे खिशाला विचारून ठरवायचं, आणि फोनजवळ ताटकळत बसायचं. घंटी वाजली की पलीकडून बाई म्हणत, 'नागपूरची लाइन मिळालीय, बोला.' त्यानंतर सगळं घर ओरडून बोलायचं, कारण अंतर लांब म्हणजे आवाज मोठा हवा अशी प्रत्येकाची खात्री. मध्येच दुसऱ्याच कुणाचं तरी भांडण ऐकू यायचं, ते क्रॉस कनेक्शन. लाइन खराब असायची, डेड असायची, तिच्यात खरखर असायची. तक्रार केली की लाइनमन खांबावर चढायचा. आता तार नाही, खांब नाही, फोन खिशात आहे, तरी माणसं 'जरा लाइनवर थांब' म्हणतात. ज्या दोरीवर थांबायचं ती कधीच निघून गेलेली आहे.

विजेची लाइन मात्र अजून तारेवरूनच येते आणि तिचा धाक वेगळा आहे. पुण्या-मुंबईत 'लाइट गेले' म्हणतात, जुनी माणसं 'दिवे गेले' म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यात 'लाइन गेली' म्हणतात, आणि मला तेच म्हणणं नेमकं वाटतं. शहरात वीज गेली की अंधार होतो, म्हणून दिव्याचं नाव. गावात वीज गेली की विहिरीवरची मोटार थांबते, पाणी सरीतच थांबतं, पीठगिरणी थांबते. तिथे दिवा ही शेवटची गोष्ट. 'या आठवड्यात रात्रीची लाइन आहे' या एका वाक्यात शेतकऱ्याचं सगळं वेळापत्रक येतं. थंडीत अंगावर घोंगडं, हातात बॅटरी, मनात बिबट्याची आणि सापाची भीती, आणि बाऱ्यावर उभं राहून एकेका वाफ्याचं दार मोडायचं. डीपी जळाली की गाव गोळा होतं, वर्गणी निघते, ट्रॅक्टर मिळतो का ते बघतात. महावितरणनं लाइनमनला 'जनमित्र' असं छान मराठी नाव दिलं आहे. गाव त्याला लाइनमनच म्हणतं, आणि पावसाळी रात्री तो शिडी खांद्यावर टाकून आला की त्याला चहा न पाजता सोडत नाही.

लाइन म्हणजे रांग हा अर्थ कुठून आला हे एक कोडं आहे. आपल्यावर राज्य केलेले इंग्रज रांगेला लाइन म्हणत नाहीत, 'क्यू' म्हणतात. लाइन म्हणायची पद्धत अमेरिकेची. कवायत करणाऱ्या फौजेकडून आणि शाळेतल्या ड्रिलमास्तरांकडून आपण ती उचलली असावी असं मला वाटतं. त्या 'क्यू'चा मूळ अर्थ शेपूट. आपणही लांबलचक रांगेला मारुतीचं शेपूट म्हणतो, म्हणजे इथेही दोन भाषांची नजर एकाच प्राण्याच्या एकाच अवयवावर पडली! रेशनच्या आणि रॉकेलच्या लाइनी ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवेल की त्यांत माणसांइतकेच डबे असत. पहाटे कुणीतरी डबा ठेवून जायचं, मागचा वीट ठेवायचा, तिसरा कापडी पिशवीवर दगड. त्या विटेचा आणि दगडाचा नंबर सगळे मानायचे. दुकान उघडलं की मात्र डब्यांची शिस्त संपायची आणि माणसांची सुरू व्हायची नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदीनंतर बँकांपुढे लाइनी लागल्या तेव्हा पासबुकं आणि चपला ओळीनं मांडून माणसं सावलीला बसलेली दिसत होती. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची लाइन लागते, साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची.

पण पंढरपुरात हा शब्द चालत नाही. तिथे दर्शनाची बारी असते. आषाढीत ती गोपाळपूरच्या दिशेनं, पत्राशेडमधून वळसे घेत लांबत जाते आणि माणसं तासन्‌तास तिच्यात उभी असतात. 'बारीला लागलो' असं म्हणणाऱ्या म्हातारीच्या आवाजात कुरकुर नसते. रेशनच्या लाइनीत पुढचा माणूस म्हणजे अडचण, बारीत पुढचा माणूस म्हणजे माउली. तो पाया पडू देतो, आपण त्याच्या पडतो. दोन्हीकडे एकामागे एक उभं राहण्याचीच क्रिया आहे, तरी नाव बदलल्यावर उभं राहणं बदललं.

सरकारला जेव्हा लाइन आखायची असते तेव्हा ते संस्कृत बोलतं. नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा. १ मे १९९९पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या, पिवळी, केशरी आणि शुभ्र, आणि घराची ऐपत रंगावरून कळू लागली. रेषा कागदावर असते. तिच्या खाली असल्याचा दाखला काढायला माणूस तहसील कचेरीत जातो, तिथे त्याला उभं राहावं लागतं ते मात्र लाइनीत. रेषेखालच्यांनी लाइनीत उभं राहायचं, हा फरक आपल्या भाषेनं आपोआप केला आणि अचूक केला.

राजकारणातही लाइन येऊन गेली आहे. मुंबईतल्या कम्युनिस्टांच्या बोलण्यात ती मीठ-भाकरीइतकी रोजची होती. लाइन ठरायची, लाइन चुकायची, लाइन सोडणाऱ्याची बैठकीत हजेरी घेतली जायची. १९४८ साली बी. टी. रणदिवे पक्षाचे सरचिटणीस झाले आणि त्यांच्या जहाल धोरणाला 'रणदिवे लाइन' हेच नाव पडलं. दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. एका मराठी आडनावाला हा इंग्रजी शब्द असा जोडला गेला तो इतिहासाच्या पुस्तकांत कायमचा.

घरात हीच लाइन पोटापाण्याची होते. 'आमचा धाकटा मेडिकल लाइनला आहे', 'या लाइनीत आता पैसा राहिला नाही', 'पोरगं वाईट लाइनला लागलं'. शेवटच्या वाक्यात दारूचं, जुगाराचं नाव न घेता सगळं सांगून होतं. प्रेमातल्या लाइनीबद्दल काय बोलावं! 'लाइन मारणं' हे बहुधा मुलाचं काम आणि 'लाइन देणं' मुलीचं. कुणी कुणाला काय दिलं हे दोघांतल्या एकाला अनेकदा ठाऊकच नसतं. कित्येक मुलींना या शब्दाचा जाच झाला आहे, तेही विसरू नये. सूत जुळायला दोन टोकं लागतात, लाइन एकटाही मारत बसतो.

माझे वडील डोंबिवलीहून व्हीटीला नोकरीला जात. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, खिडकीशेजारची नसली तरी ठरलेली उभं राहायची जागा. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते एकदा फार आजारी पडले. अतिदक्षता विभागात नर्स त्यांच्या हातावर बोटानं टिचक्या मारत शीर शोधत होती आणि पुटपुटत होती, 'लाइन मिळत नाहीये.' डॉक्टर आले, मानेकडे पाहून म्हणाले, 'सेंट्रल लाइन टाकू या.' मानेच्या मोठ्या शिरेतून आत खोल नळी सरकवतात, तिला दवाखान्यात हे नाव आहे. वडिलांचे डोळे मिटलेले होते. ते तसेच ठेवून क्षीण आवाजात म्हणाले, 'आता ती माझ्यात घालताय का?' डॉक्टर सांताक्रूझकडचे असावेत, त्यांना कळलं नाही. नर्स अंबरनाथची होती. ती तोंडावरचा मास्क हलेपर्यंत हसली. उशाशी पडद्यावर हिरवी लाइन वर-खाली उड्या मारत होती आणि मी तिच्याकडे टक लावून होतो. जन्मभर आम्हाला सांगितलं गेलं, वाकडं वागू नका, लाइनीवर या. त्या खोलीत लाइन वाकडी राहावी एवढंच मागणं होतं. ती राहिली. वडील घरी आले आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा रंगवून सांगत असत.

लिहिणाऱ्याची लाइन याहून गरीब. शाळेत मराठीला दुरेघी किंवा एकरेघी वही असायची आणि इंग्रजीला चाररेघी. इंग्रजी अक्षरं रेघेवर बसतात, काही वर मान काढतात, काहींचे पाय खाली लोंबतात, म्हणून त्यांना चार रेघा. मराठी अक्षरं शिरोरेषेला खालून धरून असतात. एक भाषा रेघेचा पाट करून बसते, दुसरी रेघेला लटकते. मला हे कळलं ते हस्ताक्षर सुधारायला लावणाऱ्या बाईंमुळे. त्या आधी वहीभर नुसत्या आडव्या रेघा काढून घेत. 'रेघ सरळ आली की अक्षर आपोआप येतं,' म्हणत. वर्तमानपत्रात तर लाइनींचा बाजारच आहे: हेडलाइन, बायलाइन, डेटलाइन. डेडलाइन हा त्यांतला सर्वांत भीषण शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातला. कैद्यांच्या छावणीत आतल्या बाजूनं एक हद्द आखलेली असे. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. आता ती ओलांडली तर संपादक फोन करतात.

एवढ्या अर्थांच्या गर्दीत लाइनीचा सर्वांत जुना अर्थ कुणी जपला असेल? इंग्रजीच्या प्राध्यापकांनी नव्हे. तो गवंड्याकडे आहे. आमच्या शेजारच्या प्लॉटवर काम चालू होतं, तेव्हा मी ते बघत उभा राहायचो. आधी जमिनीवर फक्कीनं लाइनआउट मारलं, खोल्या पांढऱ्या रेघांत दिसू लागल्या. मग पाया भरून भिंत सुरू झाली. गवंड्यानं दोन्ही कोपऱ्यांच्या विटा आधी लावल्या, ओळंबा सोडून त्या उभ्यात सरळ आहेत ना हे पाहिलं, आणि दोन्ही टोकांना खिळे ठोकून मध्ये हिरवी नायलॉनची दोरी ताणली. तिला तो 'लाइनदोरी' म्हणत होता. दोरी बोटानं छेडून बघायची, तुणतुण वाजली की ताण बरोबर. मग एकेक वीट तिच्या कडेनं बसवत जायचं, थापीच्या मुठीनं हलकेच ठोकायचं. एक नवा पोरगा विटा दोरीला टेकवून लावत होता. गवंडी ओरडला, 'दोरीला ढकलू नको रे, केसभर जागा सोड. एक वीट दोरीला रेलली की पुढची सगळी भिंत पोट काढते.' थर पूर्ण झाला की दोरी एक वीट वर सरकायची.

लाइनदोरी. लाइन म्हणजे दोरी, दोरी म्हणजे दोरी. भाषेचे पंडित याला द्विरुक्ती म्हणतील. मला तो या शब्दाचा सर्वांत मोठा सन्मान वाटतो. जगभर हिंडून, गाड्या चालवून, हद्दी आखून आलेला शब्द इथे पुन्हा धागा झाला. ज्यानं तो तसा केला त्याला लॅटिनचं नावही ठाऊक नाही.

तेव्हा 'लाइन' मराठीत आली म्हणून गळा काढायचं मला कारण दिसत नाही. तिला सामान्यरूप आहे, अनेकवचन आहे, वऱ्हाडापासून विरारपर्यंत तिची कामं ठरलेली आहेत. मराठी कोशात तिची नोंद परका शब्द म्हणून न होता स्त्रीलिंगी मराठी नाम म्हणून, या सगळ्या अर्थांसकट व्हायला हवी. तिनं आणलेल्या गोष्टी, गाडी, फोन, वीज, आपल्याकडे नव्हत्या. त्यांची नावं ती आपल्याबरोबर घेऊन आली. पण ज्या गोष्टी आपल्याकडे होत्या त्यांची नावं तिला देऊन टाकायची गरज नाही. कवितेच्या 'दोन लाइनी' कशाला? ओळी आहेत. दर्शनाला बारी आहे, शाळेत रांग आहे, पाटीवर रेघ आहे, जुळायला सूत आहे. एका शब्दावर सगळा संसार चालवणं ही इंग्रजीची सोय झाली. आपल्या घरात सहा शब्द असताना पाच माळ्यावर टाकणं ही आपली उधळपट्टी. मुलांना 'लाइन' कुणी शिकवावी लागत नाही, ती रस्त्यावर मिळते. सूत, बारी, ओळंबा हे शब्द घरातच मिळतात, आणि मोठ्यांनी वापरले तरच मिळतात. ते वापरा.